मागचं कोण बघणार

यंदा ऊन लवकर तापलं. सकाळचा चहा होतो न होतो तोच नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली भट्टीसारखं व्हायला लागलं, आणि मालक येता-जाता एखाद्या रोपाची साल नखानं उचलून बघायला लागला. संत्र्याचे डोळे भरायचे, म्हणजे कलम करायचं, तर खालच्या रोपाची, खुंटाची, साल सुटलेली लागते. चाकूची चीर दिली की साल अलगद उचलली गेली पाहिजे, म्हणजे दुसऱ्या झाडाचा डोळा तिच्या आत सरकतो. वारा तापला की झाड आतलं पाणी आखडून घेतं, साल लाकडाला घट्ट धरते, आणि मग कितीही हुशार हात असला तरी डोळा बसत नाही. जे काही भरायचं ते साल सुटतेय तोवर.

दोघी जावांतल्या थोरलीचा हात हुशार होता. शेडच्या तोंडाशी फळ्या ठोकून सपाट केलेल्या जागेवर तिची चाकाची खुर्ची उभी असायची आणि समोर कमरेइतकं उंच टेबल. बायका पिशवीतली रोपं आणून पुढ्यात मांडायच्या. ती खुंटाला चीर द्यायची, संत्र्याच्या डोळकाडीवरून सालीसकट एक डोळा उतरवायची, आत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, डोळा तेवढा उघडा ठेवून. चाकू एकदाच फिरायचा. आधीच्या कलमवाल्यांचे डोळे टोपलीभर वाळायचे, थोरलीचे मूठभर. मालक म्हणायचा, "हिचं झाडं ऐकतात. आपलं घरचं कुत्रंसुद्धा ऐकत नाही."

शेळ्यांसाठी पाला तोडताना ती झाडावरून पडली होती, त्याला तीन वर्षं झाली. छातीच्या मध्यापासून खालचं सगळं मुकं झालं. पाय होते, पण शेजाऱ्याचे असावेत तसे. पहिलं वर्ष खाटेवर गेलं. छताचं प्रत्येक लाकूड तिला तोंडपाठ झालं. पुढं लांबच्या शहरातल्या एका केंद्रात तिला शिकवलं : फळीवरून घसरत खुर्चीत कसं जायचं, नळी घालून लघवी कशी काढायची, सकाळी पोट कसं साफ करायचं, पाणी कधी आणि किती प्यायचं, आणि बसल्या बसल्या थोड्या थोड्या वेळानं हातांवर अंग उचलून बुडाखालच्या कातडीला श्वास कसा द्यायचा. परत आली ती खुर्ची ढकलत सरळ नर्सरीत गेली आणि मालकाला म्हणाली, "टेबल उंच करून दे. हात माझे तेच आहेत."

एक गोष्ट मात्र तिला स्वतःची स्वतः जमत नव्हती. स्वतःची मागची बाजू बघणं. ते काम धाकट्या जावेचं. रोज सकाळी धाकटी तिला कुशीवर वळवायची, उजेडात नीट बघायची, आणि म्हणायची, "साफ आहे." मग थोरलीचा दिवस सुरू व्हायचा. दोघींचे नवरे, घरातले दोघे भाऊ, कापणीच्या यंत्रावर मुलूखभर फिरत होते, एक चालवायला, एक मदतीला. हंगाम संपल्याशिवाय त्यांचं तोंड दिसणार नव्हतं. घरात दोघी जावा आणि डोळ्यांनी अधू झालेली सासू.

भांडण झालं ते नर्सरीतच. धाकटी तिथं पिशव्या भरायची, पाणी मारायची. दुपारच्या सुट्टीत तिनं थोरलीचा चाकू उचलला आणि एका टाकाऊ खुंटावर डोळा भरून बघितला. मालक मागून येऊन उभा राहिला.

"अरे वा! हिचाही हात बरा दिसतोय. दुसरं टेबल टाकू या का? ऊन वाढायच्या आत काम तरी उरकेल."

थोरलीच्या कानशिलात रक्त चढलं. काय झालं ते तिलाही कळलं नाही. सगळ्या बायका जेवायला बसल्या होत्या, त्यांच्यासमोर ती म्हणाली, "तुला माझं ढुंगण बघायला ठेवलंय ना, तेवढं बघ. माझे हात बघायचं कुणी सांगितलं तुला?"

बायका हसल्या. एकीच्या तोंडातून पाणी उडालं. धाकटी हसली नाही. तिनं चाकू पुसला, मूठ थोरलीकडे करून टेबलावर ठेवला आणि पाण्याच्या नळीकडे निघून गेली. दुसऱ्या टेबलाचं नाव मालकानं पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं सगळं केलं. पाणी तापवलं, नळी उकळून दिली, फळी लावली, गादी झटकून खुर्चीत घातली. फक्त थोरलीला कुशीवर वळवलं नाही. दाराशी पाठ करून उभी राहिली. थोरली वाट बघत राहिली, ही आपणहून येईल म्हणून. धाकटी वाट बघत राहिली, ही बोलावेल म्हणून. शेवटी थोरलीनं फळी ओढली आणि खुर्चीत घसरली.

"दोघींनी तोंडात मिठाची गुळणी धरलीय की काय?" सासू म्हणाली. "आधी दोघींच्या बडबडीनं माझी झोप जायची. आता ह्या शांततेनं जातेय."



असेच काही दिवस गेले. ऊन वाढत होतं. टेबलावरची रोपं संपायच्या आत नवी येत होती. थोरली पाण्याची बाटली संपवायची, घड्याळ बघून आडोशाला जायची, नळीनं मोकळी व्हायची, परत यायची. अंग उचलायचं मात्र राहून जायचं. चाकू चालू असताना हात टेकवणार कसे? एवढं एक रोप, मग उचलू. मग आणखी एक.

एका संध्याकाळी घरी खुर्चीतून खाटेवर सरकताना गादीवर काहीतरी टणक तिच्या हाताला लागलं. पट्टीचं रिकामं रीळ होतं. मांडीवरून कधी घरंगळलं, कधी खाली गेलं, तिला पत्ता नव्हता. सकाळपासून ती त्याच्यावर बसली होती. रीळ चेपून चपटं झालं होतं.

थोरलीनं ते खिडकीबाहेर फेकलं. धाकटी अंगणात भांडी घासत होती. तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. केंद्रात दिलेला लांब दांड्याचा आरसा उशाखाली होता. कुशीवर होऊन, एका कोपरावर भार देऊन, तिनं तो मागं धरला. आरसा हलत होता. भिंत दिसली, चादर दिसली, मग डाव्या बुडाच्या हाडावर बोराएवढा लाल डाग दिसला. तिनं चाचपडत त्यावर बोट दाबलं आणि काढलं. बोटाखालची जागा पांढरी पडायला हवी होती. पडली नाही. लालच राहिली.

ह्याचा अर्थ तिला माहीत होता. केंद्रातली नर्स रोज ओरडून सांगायची, "डाग दिसला की आडवं व्हायचं. रंग जाईपर्यंत बुड टेकायचं नाही. लग्न असो नाहीतर मयत."

आडवं व्हायचं म्हणजे टेबल रिकामं. टेबल रिकामं म्हणजे त्यावर कोण बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि खाट. छताची ती लाकडं. थोरलीनं आरसा उशाखाली सारला आणि मनाशी म्हणाली, दोन दिवस जपून बसू, जाईल. सकाळी तिनं सासूकरवी निरोप दिला, "तिला म्हणावं, खुर्ची लाव."

ती खरंच जपून बसली. एका अंगावर कलून बसली. आठवणीनं अंग उचललं. पण तीन दिवसांनी आरशात बघितलं तर डागाचं कातडं निघालं होतं आणि आतून ओलं दिसत होतं. त्यावर तिनं फडक्याची घडी ठेवली, पावडर टाकली, घट्ट कपडा ओढून घेतला. त्यानंतर आरसा काढला नाही.

दुखत काहीच नव्हतं. तेच वाईट होतं. दुसऱ्या कुणाला नखाएवढं खरचटलं असतं तरी बूड टेकवलं नसतं. थोरलीच्या अंगात फक्त एक कसकस होती, आणि पाय रात्रंदिवस आपोआप आखडायचे, झटके द्यायचे. जे तिला सांगता येत नव्हतं ते पाय सांगत होते. ती त्यांना दाबून धरायची.

मग वास आला. आधी तिला आला, मग टेबलाशी रोपं आणणाऱ्या बाईला.

"उंदीर मेलाय गं कुठंतरी."

बायकांनी पोती उलथली, खताच्या गोण्या हलवल्या. एक जण वाकून टेबलाखाली बघायला लागली. थोरलीनं कपडा गुडघ्यांवर ओढून घेतला. "बघा बाई," तीही म्हणाली, "मेला असेल कुठंतरी गोण्यांच्या मागं." सगळ्या गोण्यांच्या मागं गेल्या. धाकटी तेवढी गेली नाही. हातात वाहती पाण्याची नळी धरून ती थोरलीकडे बघत उभी राहिली. थोरलीनं मान खाली घातली आणि खुंटाला चीर दिली. चाकू वाकडा गेला. तिच्या हातून असं कधी होत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं दुखायला लागलं. आधी मानेत, मग दोन्ही कानशिलांवर कुणी घण मारावेत तसं. समोरची रोपं दोन-दोन दिसायला लागली. चेहरा पेटला, कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला. हातावर मात्र काटा उभा राहिला होता, थंडी वाजावी तसा. तिनं चाकू ठेवला. ठेवताना तो खाली पडला.

"ताई."

धाकटी समोर उभी होती. इतक्या दिवसांनी तो शब्द ऐकला आणि थोरलीला वाटलं, आपण आता मरणारच.

"तोंड लालबुंद झालंय तुमचं. काय होतंय?"

"डोकं फुटतंय." जीभ जड झाली होती. "दाब चढलाय. खाली काहीतरी... नळी बघ आधी."

बायका धावल्या. एक म्हणाली ऊन लागलं, हिला आडवं करा, पाय वर घ्या. दोघींनी तिला काखेत धरून उचलायला हात घातले.

"आडवं करू नका!" धाकटी किंचाळली. "बसलेलीच राहू दे. लांब व्हा सगळ्या!"

केंद्रातून परत येताना नर्सनं दोघी जावांना बसवून सांगितलं होतं. छातीखालच्या मुक्या अंगात काही बिघडलं की अंग असंच बोंबलतं. रक्ताचा दाब चढतो, चढत जातो, आणि कारण सापडलं नाही तर डोक्यातली शीर तुटते. आडवं केलं तर आणखी चढतो. आधी लघवी तुंबलीय का बघायचं, मग पोट, मग कातडी.

धाकटीनं खुर्ची आडोशाला ओढली, गोणपाट धरायला दोन बायकांना उभं केलं आणि नळी घातली. लघवीची पिशवी भरली. थोरलीनं डोळे मिटून धरले होते. "उतरतंय?" धाकटीनं विचारलं. थोरलीनं मान हलवली, नाही. धाकटीनं कमरेची नाडी सोडली, चपला काढल्या, पायातले मोजे ओढले. मग एक क्षण थांबली. खाली बसून तिनं थोरलीला एका अंगावर कलवलं आणि कपडा बाजूला केला.

 गोणपाट धरणाऱ्या बाईनं वळून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"टेम्पो काढा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "मालकांना म्हणावं, रोपं उतरवा आणि टेम्पो काढा."

टेम्पोत रोपांच्या जागी खुर्ची उभी केली. धाकटी मागून थोरलीच्या काखेत हात घालून बसली, डावं बूड गादीवरून उचलून धरत. रस्ता खाचखळग्यांचा. प्रत्येक खड्ड्याला थोरली कण्हायची आणि धाकटी म्हणायची, "आलंच. आलंच." दोघींना माहीत होतं अजून अर्धाही रस्ता झाला नव्हता. मध्येच थोरलीला बोलायचं होतं. "तू..." एवढंच निघालं.

"गप्प बसा," धाकटी म्हणाली. "आधी जगा. मग भांडू."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरणीनं दाब मोजला, पुन्हा मोजला, जिभेवर एक गोळी ठेवली आणि जखमेला हात घातला. मेलेलं कातडं कापून काढलं. थोरलीला कात्रीचा आवाज येत होता, बाकी काही नाही. हळूहळू डोक्यातले घण थांबले. डॉक्टरणीनं आपल्या फोनवर फोटो काढून तिच्यासमोर धरला.

"बघून घ्या. तुमचंच आहे."

थोरलीनं बघितलं. अंगठा आत जाईल एवढा खड्डा होता, कडा काळ्या.

"हाडाला लागलं नाही अजून. आणखी आठवडा बसला असतात तर लागलं असतं, आणि मग हे माझ्या हातात राहिलं नसतं. आजपासून बसायचं नाही."

"किती दिवस?"

"जखम भरेपर्यंत."

"हंगाम आहे हो. अर्धा दिवस बसले, अर्धा दिवस पडले, तर?"

"घंटाभरसुद्धा नाही. पालथं झोपायचं, नाहीतर उजव्या कुशीवर. अंडी खायची, डाळी खायच्या. पाणी कमी करायचं नाही. मलमपट्टी रोज." तिनं हातमोजे काढले. "तुम्हाला हे सगळं शिकवलेलं आहे. मागचं रोज कोण बघतं?"

 पंखा तेवढा खडखडत होता.

"मी बघते," धाकटी म्हणाली.

डॉक्टरणीनं तिच्याकडे बघितलं.  मलमाची चिठ्ठी तिच्याच हातात दिली.

घरी थोरली पालथी पडली. छातीखाली उशी, नडगीखाली उशी, तोंड भिंतीकडे. छत दिसत नव्हतं, एवढंच बरं. धाकटी पट्टी सोडून जखम धूत होती.

"सांगता येत नव्हतं?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं उशीची कड मुठीत धरली.

"मेलेला उंदीर म्हणे. मला कळलं होतं तेव्हाच. त्याच्या आधीही रोज सकाळी वाटायचं, जाऊन बघावं. पाय उचलायचेच नाहीत. तुम्ही हाक माराल म्हणून दारात उभी राहायचे. नाही मारलीत तर मनात म्हणायचे, मरू दे." तिचा हात थांबला. "खरंच म्हणायचे. मरू दे असं."

"माझ्या जिभेला हाड नाही," थोरली भिंतीशी बोलली.

"ते तर गावाला माहीत आहे."

"मला वाटलं तू टेबल घेणार."

"घेणार होते! दुसरं टेबल घेणार होते. तुमचं कशाला घेऊ? जन्मभर पिशव्याच भरायच्या का मी? माती भरायची, पाणी मारायचं, घरी येऊन तुमची नळी उकळायची. मला काही हात नाहीत का?" ती रडत होती, पण पट्टी नीट बसवत होती. एकही सुरकुती राहू देत नव्हती.

सासू दारातून म्हणाली, "भांडताय का? भांडा. बरं वाटलं ऐकून."

रात्री जेवणं झाली. सकाळी धाकटी नर्सरीला निघाली तेव्हा थोरलीनं उशाखाली हात घातला आणि नर्सरीतल्या बाईनं काल आणून दिलेला चाकू काढला. पात्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

"घेऊन जा. साल आवळायला लागलीय. फार दिवस नाहीत आता."

धाकटीनं लगेच हात पुढं केला नाही. "आणि मी बिघडवलं तर?"

"बिघडवशीलच. घे."

ते सोपं नव्हतं. धाकटी फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला आणि थोरलीनं उशीत तोंड खुपसून दात आवळले. दिवसभर कुणाचे तरी हात आपल्या टेबलावर चालताहेत, हे तिला पालथ्या अंगानं ऐकू येत होतं जणू. दुपारी सासू पाणी पाजायला आली, चाचपडत, अर्धं उशीवर सांडत. "एक सून पालथी, एक सून बाहेर, आणि मी आंधळी," ती म्हणाली. "तिघींत मिळून एक धड बाई निघेल का बघ."

थोरलीला हसू आलं. छाती उशीवर दाबलेली, त्यामुळं हसताना खोकला आला.

संध्याकाळी धाकटी एक खोकं भरून रोपं घेऊन आली. जमिनीवर, खाटेच्या डोक्याशी ठेवलं आणि म्हणाली, "बघा."

थोरलीनं खाटेच्या कडेवरून मान बाहेर काढली. एक रोप जवळ घेतलं, पट्टी सोडली. "चाकू दोनदा फिरवलास. इथं बघ, पायरी पडलीय. मध्ये वारा राहतो. वाळणार हा." दुसरं घेतलं. "हाही." तिसरं. "डोळा उलटा बसवलास! झाडानं डोक्यावर उभं राहायचं का?" धाकटी ओठ चावत बसली होती. पाचवं रोप थोरलीनं बराच वेळ बघितलं. पट्टी तशीच परत गुंडाळली.

"हा लागेल," ती म्हणाली. म्हणताना बरं वाटलं नाही. पण डोळा नीट बसला होता आणि खोटं बोलता येईना.

त्यानंतर रोज खोकं यायचं. थोरली नुसतं बघून बघून कंटाळली. एक दिवस तिनं सासूच्या ट्रंकेवर फळी आडवी घालून घेतली, खाटेच्या डोक्याशी लावली. रोपाची पिशवी तिरकी टेकवली आणि पालथ्या पालथ्याच खुंटाला चीर दिली. मानेला कळ लागली, खांदे भरून आले. पहिले काही डोळे वाया गेले, शिकाऊ पोरीसारखे. मग हाताला वाट सापडली. धाकटी रोज अर्धी रोपं घरी आणायला लागली आणि मालकानं टेम्पो दारापर्यंत पाठवायला सुरुवात केली. सकाळी पट्टी बदलताना धाकटी आता थोरलीची कोपरंही बघायची, गुडघेही बघायची. "कोपर लाल दिसतंय. आज दुपारनंतर चाकू नाही."

"थोडी रोपं राहिलीत."

"राहू देत."

थोरली चिडायची. धाकटी फळी काढून हाताला येणार नाही अशा ठिकाणी भिंतीला लावायची आणि निघून जायची. 

साल आवळली आणि काम संपलं. धाकटीचे पुष्कळ डोळे वाळले, थोरलीचेही नेहमीपेक्षा जास्त वाळले, पण बाकीचे हिरवे राहिले. मालकानं दुसरं टेबल करायला सुताराला सांगितलं. जखम आतून भरत आली, लालबुंद, मग गुलाबी. डॉक्टरणीनं थोडा थोडा वेळ बसायची मुभा दिली, रोज थोडी वाढवत. त्याच सुमाराला कापणीचा हंगाम आटोपून दोघे भाऊ घरी आले.

फोनवर कुणीच काही सांगितलं नव्हतं. थोरलीच्या नवऱ्याला शेजाऱ्यानं वाटेतच सांगितलं. तो धुळीनं माखलेला तसाच दारात आला, पिशवी आपटली.

"घरात दोन-दोन बाया आणि हिला कुजू दिलंत? कुणाचं काम होतं बघायचं?"

धाकटी चुलीपाशी होती. तिनं मान खाली घातली. तिचा नवरा तिच्याकडे बघायला लागला, मग भावाकडे.

"तिला बोलू नका," थोरली खाटेवरून म्हणाली. "मी लपवलं. आरशात बघितलं, समजलं, आणि तरी लपवलं. तिनं जीव वाचवलाय माझा."

"मग बास झालं आता. नर्सरी बंद. घरी बसायचं."

"जास्त बसायचं नाहीच सांगितलंय मला," थोरली म्हणाली. सासू खुदकन हसली.

तो हसला नाही. पाणी न पिताच ओट्यावर जाऊन बसला. यंत्रावर राबून त्याचे खांदे वर उचलले गेले होते, ते तसेच राहिले. बराच वेळ कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. मग धाकटी थोरलीची पट्टी बदलायचं सामान घेऊन आली, तेव्हा थोरली म्हणाली, "ठेव तिथं. त्यांना बोलाव."

"भाऊजींना?"

"बोलाव. आणि दार लोटून घे."

तो आत आला. उभाच राहिला. तीन वर्षांत त्यानं तिला शंभरदा उचललं होतं, खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत. ताकद त्याची कधी कमी पडली नाही. पण उचलताना त्याची मान नेहमी दुसरीकडे असायची, आणि तिनंही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"हात धुवा," ती म्हणाली. "साबणानं. नखंसुद्धा."

त्यानं धुतले. यंत्राचं तेल नखांतून जाईना, पुन्हा धुतले.

"पट्टी सोडा. हळू. ओढायची नाही."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मागं काय चाललंय हे तिला कळायला मार्ग नव्हता. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. एकदा जोरात आला, मग थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"नर्सरीला मी जाणार," ती भिंतीला म्हणाली. "बसायला परवानगी आहे तेवढा वेळ बसेन, उरलेलं इथं पडून करेन. धाकटी तिच्या टेबलावर, मी माझ्या. पण ती एकटी किती दिवस बघेल? उद्या ती आजारी पडेल, माहेरी जाईल. मागचं कोण बघणार?"

त्यानं पट्टीचा शेवटचा पदर उचलला.

"कसं दिसतंय?"

"भरलंय," तो म्हणाला. "गुलाबी आहे. मध्ये थोडं खोलगट. कडेचं कातडं पातळ वाटतंय, नव्या पालवीसारखं."

"ओलं आहे का?"

"नाही. कोरडं."

"नुसतं लांबून सांगू नका. बोट लावून बघा. गरम लागतंय का, कडक लागतंय का. घाबरू नका, मला दुखत नाही."

 बाहेर धाकटी भांडी लावत होती, मुद्दाम जरा जास्त आवाज करत. थोरली थांबली. अजून थोडी थांबली. मग तिला राग यायला लागला, की हा माणूस अजून तसाच मान वळवून उभा असणार.

"अहो, हात लावताय ना?"

"लावलाय," तो म्हणाला. "केव्हाचा."